क्युरारे, स्कोलीन आणि घराण्याची आठवण

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासाकडे पाहूं लागलें म्हणजे साधारण वाचकाचें लक्ष प्रथम शस्त्राकडे जातें, व तें स्वाभाविकहि आहे. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत या विद्येनें जी मजल मारली तिचें श्रेय शस्त्र धरणाऱ्या हाताइतकेंच, रोग्याच्या उशाशीं उभें राहून त्याला भूल देणाऱ्याच्या सावधपणालाहि दिलें पाहिजे. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथर हुंगवून झालेल्या शस्त्रक्रियेची व त्याच्या पुढच्याच वर्षीं आलेल्या क्लोरोफॉर्मची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेल. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा आडबाजूचा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायु सैल पाडण्यासाठीं जीं औषधें देतात, त्यांचे खुद्द स्नायूंवरच कधीं कधीं जे अनिष्ट परिणाम होतात, त्यांविषयीं आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय वैद्यांचा खरा, आणि आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय. तरीहि हें धाडस करतों याचें कारण असें कीं, या औषधांच्या इतिहासांत घराण्याच्या जुन्या आठवणीनें जें काम केलें आहे तें पाहिल्यावर हा विषय केवळ वैद्यांचा राहत नाहीं. आणि दिग्रससारख्या यवतमाळ जिल्ह्यांतील बाजारगांवीं राहणाऱ्यास तर तो अगदीं दाराशीं आलेला दिसतो.

पूर्ण भूल ही एक अवस्था नसून तीन अवस्थांचा संगम असतो. रोग्याची शुद्ध हरपली पाहिजे, त्याला वेदना कळतां कामा नये, आणि त्याचे स्नायु सैल पडले पाहिजेत. यांपैकीं तिसरी गोष्ट सामान्य माणसाच्या सहसा ध्यानीं येत नाहीं. पोटाच्या भिंतीचे स्नायु ताठ असतील तर आंतील अवयवांपर्यंत शस्त्रवैद्याचा हात नीट पोंचत नाहीं. जबड्याचे व घशाचे स्नायु ताठ असतील तर श्वासनलिकेंत नळी घालतां येत नाहीं. ईथर व क्लोरोफॉर्म यांच्या काळीं स्नायु ढिले पाडण्याचा मुख्य उपाय म्हणजे भूल अधिकाधिक खोल नेणें. भूल खोल गेली कीं स्नायु ढिले पडत हें खरें, पण त्याच वाटेनें पुढें श्वास आणि हृदयहि मंदावत. आणि कित्येक रोगी शस्त्रानें नव्हे तर भुलीनें दगावत.

हें भय आमच्या बाजूस अपरिचित नव्हतें. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आला असला तरी नांवाची सत्ता निजामाचीच होती. आणि त्याच निजामाच्या राजधानींत, हैदराबादेस, १८८८ व १८८९ या सालीं क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठीं दोन कमिशनें बसलीं. तेथील शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी यांचें ठाम मत असें कीं, क्लोरोफॉर्मनें आधीं श्वास बंद पडतो व हृदय मागाहून. सबब भूल देणाऱ्यानें नाडी धरून न बसतां श्वासावर डोळा ठेवावा. पुढील संशोधनानें क्लोरोफॉर्म हृदयालाहि एकाएकीं बंद पाडूं शकतो असें दाखविलें, व लॉरींचा सिद्धांत अपुरा ठरला. पण श्वासावर डोळा ठेवण्याचा त्यांचा उपदेश मात्र, पुढें जीं औषधें आलीं त्यांच्या बाबतींत, अक्षरशः प्राणरक्षक ठरला.

तीं औषधें आलीं दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतून. तेथील शिकारी आपल्या बाणांस वनस्पतींपासून काढलेला एक काळसर लेप लावीत. त्यालाच क्युरारे म्हणतात. बाण लागलेलें जनावर थोड्याच वेळांत लुळें पडून मरे, पण त्याचें मांस खाणाऱ्यास बाधा होत नसे, कारण पोटावाटें हें विष रक्तांत फारसें शिरत नाहीं. चार्ल्स वॉटर्टन या इंग्रज प्रवाशानें आणलेलें क्युरारे १८१४ सालीं लंडन येथें एका गाढवीस टोचण्यांत आलें. ती निपचित पडली. तेव्हां श्वासनलिकेस छेद घेऊन भात्यानें तिच्या फुप्फुसांत वारा घालीत राहिले. विष ओसरल्यावर ती उठून उभी राहिली व त्यानंतर पुष्कळ वर्षें जगली. या औषधांचें सारें शास्त्र एका परीनें त्या भात्यांत आलें आहे. विष हृदयाला मारीत नाहीं; तें छातीच्या स्नायूंना स्तब्ध करतें. तेवढा वेळ दुसऱ्या कोणीं श्वास चालविला तर जीव वांचतो. न चालविला तर जातो.

क्युरारे नेमकें कोठें काम करतें याचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घेतला. त्यांस असें आढळलें कीं, हें विष स्नायूची शक्ति हरण करीत नाहीं. मज्जातंतूचा निरोप स्नायूला जेथें मिळतो त्या सांध्यावर तें आडवें येतें. हुकूम सुटतो, पण तो शिपायापर्यंत पोंचत नाहीं, असा हा प्रकार. आमच्याकडील नागाचें विषहि याच सांध्यावर घाला घालतें. म्हणूनच नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या प्रथम मिटूं लागतात व उपचार न झाल्यास शेवटीं श्वास बंद पडतो. अशा या विषाला शस्त्रक्रियागृहांत औषध म्हणून मान मिळाला तो २३ जानेवारी १९४२ रोजीं. त्या दिवशीं कॅनडांतील माँट्रिऑल येथें हॅरॉल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनीं आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या एका तरुणास क्युरारेचा अर्क टोचला. पोटाचे स्नायु हव्या तितक्या प्रमाणांत सैल पडले, आणि भूल खोल नेण्याची गरज उरली नाहीं.

परंतु नव्या औषधाबरोबर नवा भ्रमहि येतो. क्युरारेनें माणूस हालत नाहीं, ओरडत नाहीं. तेव्हां त्याला कांहीं कळतहि नसावें, असें कांहीं वैद्यांस वाटूं लागलें. हा भ्रम दूर करण्यासाठीं स्कॉट स्मिथ या अमेरिकन भूलवैद्यानें दुसरें कोणतेंहि औषध न घेतां स्वतःस पूर्णपणें लुळें पडेपर्यंत क्युरारे टोचून घेतलें, व त्याचे सहकारी त्याचा श्वास चालवीत राहिले. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता. स्मिथ आरंभापासून शेवटपर्यंत शुद्धीवर होता. त्याला सर्व ऐकूं येत होतें, सर्व जाणवत होतें, फक्त तें सांगण्यासाठीं हालवावयास एकहि स्नायु त्याच्या ताब्यांत नव्हता. स्नायु थांबले म्हणजे मन थांबलें असें नव्हे, हा धडा पुढील सर्व कथेंत वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

क्युरारेचा परिणाम बराच वेळ टिके. नळी घालण्यापुरतें मिनिटभरांत स्नायु ढिले पाडील व लगेच ओसरेल, असें औषध वैद्यांस हवें होतें. तें म्हणजे सक्सिनिलकोलीन. भूलतज्ज्ञांच्या नित्याच्या बोलण्यांत स्कोलीन. याचा इतिहास मौजेचा आहे. १९०६ सालींच हंट व टाव्हो यांनीं हें द्रव्य जनावरांवर तपासलें होतें. पण त्यांस त्याचा रक्तदाबावरील परिणाम पाहावयाचा होता, व त्यांचीं जनावरें आधींच क्युरारेनें लुळीं केलेलीं होतीं. लुळ्या जनावरास आणखी लुळें पडतांना कोण पाहणार? म्हणून द्रव्याचा मुख्य गुण तब्बल साडेतीन तपांहून अधिक काळ कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. तो १९४९ सालीं रोम येथें डॅनिएल बोव्हे यांनीं हुडकून काढला, १९५१ पासून युरोपांत तें औषध रोग्यांस देऊं लागले, आणि १९५७ सालीं बोव्हे यांस त्यांच्या एकंदर कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

स्कोलीन टोचल्यावर अंगभर बारीक फडफड उठते. पापण्या, गाल, खांदे, पोटऱ्या यांवरून जणूं लाट सरकते, आणि मग शरीर शांत होतें. पांच-दहा मिनिटांत रोगी पुन्हां स्वतः श्वास घेऊं लागतो. पण दुसऱ्या दिवशीं तो मान, खांदे, छाती दुखत असल्याची तक्रार करतो. सवय नसतां तालीम केल्यावर अंग भरून यावें तशी. १९५० नंतरच्या पहिल्याच चार-पांच वर्षांत ही तक्रार वैद्यांच्या नियतकालिकांत नोंदली गेली. शस्त्रक्रिया लहान असून जे लवकर उठून हिंडूं लागतात, त्यांस हें दुखणें अधिक होतें, असेंहि आढळलें. हा त्रास दोन-तीन दिवसांत जातो व घाबरण्यासारखें त्यांत कांहीं नसतें.

याहून गंभीर प्रकारहि आहेत. मोठ्या प्रमाणांत भाजलेला, कण्यास इजा होऊन अंग लुळें पडलेला, किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळलेला रोगी असेल, तर स्कोलीननें त्याच्या स्नायूंतील पोटॅशियम एकाएकीं रक्तांत उतरून हृदय बंद पडण्याचा संभव असतो. कांहीं मुलांस स्नायु झिजविणारा वंशागत रोग असतो, पण तो अद्याप ओळखूं आलेला नसतो; अशा मुलांवर स्कोलीननें प्राणसंकट ओढवल्याचीं उदाहरणें घडल्यावर १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या औषधाच्या वेष्टणावर ठळक इशारा छापण्यांत आला. क्युरारेच्या कुळांतील औषधांचा दोष निराळा: त्यांचा अंमल पुरता न ओसरतां रोगी जागा झाला तर पापण्या जड, खोकला क्षीण व श्वास उथळ राहतो.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. मेलबर्न येथें एक तरुण विद्यार्थी पायाचें हाड मोडून रुग्णालयांत आला. मोडलेल्या पायापेक्षां त्याला भुलीचीच अधिक धास्ती होती, कारण त्याच्या नात्यांतील दहा माणसें भूल दिल्यानंतर मृत्यु पावलीं होतीं. ही धास्ती भ्याडपणाची म्हणून हंसण्यावारी नेतां आली असती. डेनबरो व लोव्हेल या वैद्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं त्या घराण्याची हकीकत १९६० सालीं प्रसिद्ध केली. त्यांतून असें निष्पन्न झालें कीं, कांहीं घराण्यांत कांहीं भुलीच्या वायूंनीं किंवा स्कोलीननें स्नायूंत जणूं वणवा पेटतो; स्नायु ताठरतात, अंगाचा ताप भराभर चढतो आणि वेळींच उपाय न झाल्यास रोगी दगावतो. ज्या गोष्टीचा पत्ता तोंपर्यंत कोणत्याहि प्रयोगशाळेस नव्हता, ती त्या घरच्या माणसांच्या आठवणींत पिढ्यान्‌पिढ्या होती. आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस या गोष्टीचें विशेष वाटतें. कागद नसेल तेथें घराण्याची तोंडी बखर हेंच साधन, असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों. तें साधन येथें प्राण वांचविण्याच्या कामीं आलें.

दुसरी कथा आमच्या अधिक जवळची आहे. स्कोलीन पांच-दहा मिनिटांत ओसरतें याचें कारण रक्तांतील एक एन्झाइम होय. ब्युटिरिलकोलीनएस्टरेज असें त्याचें लांबलचक नांव. टोचलेल्या औषधाचा बराचसा भाग हें एन्झाइम वाटेंतच फोडून टाकतें. परंतु औषध प्रचारांत येतांच असे कांहीं थोडे रोगी आढळूं लागले कीं, ज्यांचा श्वास पांच-दहा मिनिटांनीं नव्हे, तर कित्येक तासांनीं परत आला. वेर्नर कालो यांनीं टोरांटो येथें १९५७ च्या सुमारास दाखविलें कीं, अशा लोकांच्या रक्तांतील एन्झाइमच जातीनें निराळें असतें, व हें निराळेपण आईबापांकडून वारशानें येतें. एकाच औषधाचा परिणाम माणसामाणसांत रक्ताच्या वारशानें पालटतो, या विचारांतून एक नवें शास्त्र उभें राहिलें. १९५९ सालीं फ्रीड्रिख फोगेल यांनीं त्याला फार्माकोजेनेटिक्स हें नांव दिलें. युरोपीय लोकांत असा दोष तीव्र रूपानें सुमारे तीन हजारांत एकास आढळतो.

हिंदुस्थानांत हा प्रश्न एका विशिष्ट समाजाच्या संबंधानें पुढें आला. आर्य वैश्य, किंवा लोकव्यवहारांत कोमटी, हा मूळचा तेलुगूभाषी व्यापारी समाज. गोदावरीच्या दोहों बाजूंनीं वर सरकत तो चांदा, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या बाजारपेठांत कित्येक पिढ्यांपूर्वीं स्थायिक झाला व मराठी बोलूं लागला. त्याची कुलदेवता कन्यका परमेश्वरी. आख्यायिका अशी कीं, राजाच्या जुलमी मागणीस मान न देतां वासवी कन्येनें पेनुगोंडा येथें अग्निप्रवेश केला, व तिच्याबरोबर १०२ गोत्रांच्या कुटुंबांनींहि केला. विवाह समाजांतल्या समाजांत करावयाचा, आणि शक्य तर मामाची मुलगी करावयाची, ही चाल या समाजानें दीर्घकाळ कसोशीनें पाळली.

२००६ सालीं कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठांतील संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह असें प्रसिद्ध केलें कीं, या समाजांतील कांहीं व्यक्तींत वर सांगितलेल्या एन्झाइमच्या जनुकांत एक विशिष्ट बदल आहे. एन्झाइमच्या सांखळींतील ३०७ व्या स्थानीं ल्यूसीनच्या जागीं प्रोलीन आलेलें असतें. एवढ्यानें तें एन्झाइम जवळ जवळ निकामी होतें. हा बदल आई व बाप या दोघांकडूनहि आला तरच दोष पुरा प्रकट होतो. २००९ सालीं हैदराबाद येथील संशोधक थंगराज व लालजी सिंग यांनीं अमेरिकन सहकाऱ्यांसह दाखविलें कीं, हा समाज शंभराहून अधिक पिढ्यांपूर्वींच्या थोड्या पूर्वजांपासून वाढला व नंतर त्यांत बाहेरचें रक्त फारसें मिसळलें नाहीं. त्याच दिशेच्या २०१७ च्या एका निबंधांत, या समाजांत हा दोष इतरांपेक्षां सुमारे शंभरपट अधिक आढळतो, व तेथील वैद्य हें ओळखून स्कोलीन टाळतात, असें नमूद आहे. आख्यायिकेंतील १०२ गोत्रें आणि शास्त्रज्ञांचे ते थोडे पूर्वज हे एकच, असें म्हणण्यास आधार नाहीं. पण समाजाची आठवण व रक्ताची नोंद या दोहोंचा रोंख एकाच बाजूस आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

येथें दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा कीं, हा कांहीं रोग आहे. तसें नव्हे. ज्याच्या रक्तांत हें एन्झाइम नाहीं तो माणूस सुखानें जगतो, व्यापार करतो, नातवंडें पाहतो. स्कोलीन किंवा त्याच प्रकारें फुटणारें मिव्हाक्युरियम हें औषध टोचण्याचा प्रसंग न आला तर आपल्यांत असें कांहीं आहे हें त्याला बहुधा मरेपर्यंत कळतहि नाहीं. दुसरा गैरसमज असा कीं, ही एकाच जातीची गोष्ट आहे. निराळ्या बदलांनीं असा दोष कोणत्याहि समाजांत आढळतो. शिवाय आडनांवावरून कांहीं ठरविणें तर फारच धोक्याचें. विदर्भांत 'वार' हा शेवट असलेलीं आडनांवें तेलुगूंतील 'वारु' या आदरार्थी प्रत्ययापासून आलेलीं मानतात, व तीं अनेक जातींत आहेत. उलट लग्नानंतर नांव बदललेल्या लेकीचें रक्त कांहीं बदलत नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हें एन्झाइम केवळ वारशानेंच उणें असतें असें नाहीं. यकृताच्या रोगांत व गरोदरपणींहि तें घटतें, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचीं कीटकनाशकें तर त्याला थेट निकामी करतात. २०१७ च्या हंगामांत कपाशीवर फवारणी करतांना या जिल्ह्यांत वीसांहून अधिक माणसें विषबाधेनें मृत्युमुखीं पडलीं, ही दुःखद गोष्ट सर्वांस आठवत असेल. फवारणीच्या दिवसांत अपघात होऊन किंवा पोट दुखून एखादा शेतकरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला, तर त्याचा जन्म कोणत्या कुळांत झाला याइतकेंच, तो काल शेतांत काय फवारीत होता, हेंहि भूलतज्ज्ञास कळलें पाहिजे.

मग करावें काय? ज्यास स्कोलीन देऊं नये असा रोगी आधीं ओळखला तर पर्याय आहेत. रोक्युरोनियमसारखें औषध या एन्झाइमवर अवलंबून नाहीं, आणि त्याचा अंमल उतरविणारें सुगॅमाडेक्स २००८ पासून युरोपांत व पुढें इतरत्र मिळूं लागलें. न ओळखतां स्कोलीन दिलेंच, तरी उपाय वॉटर्टनच्या गाढवीचाच: औषध ओसरेपर्यंत श्वास यंत्रानें किंवा हातानें चालवीत राहावयाचा, आणि स्मिथचा धडा स्मरून, लुळ्या पडलेल्या त्या माणसास शुद्ध येणार नाहीं अशी गुंगी देत राहावयाची. पण मोठ्या शहरांत जें यंत्र हाताशीं असतें तें तालुक्याच्या गांवीं असेलच असें नाहीं. दिग्रसहून यवतमाळ साठाहून अधिक किलोमीटर आहे. तेवढा रस्ता स्वतः श्वास न घेणाऱ्या माणसाला हातानें श्वास देत न्यावयाचा ही काय गोष्ट आहे, याची कल्पनाच केलेली बरी. रक्ताची तपासणी करतां येते हें खरें, पण तातडीच्या वेळीं तिचा निकाल येईपर्यंत थांबतां येत नाहीं. अशा वेळीं सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद आणि कोणत्याहि खेड्यांत उपलब्ध असलेली तपासणी एकच: 'तुमच्या घरांत कोणाला भुलीनंतर जागें व्हायला फार वेळ लागला होता का?' हा प्रश्न, आणि त्याचें खरें उत्तर.

खरें उत्तर मिळणें मात्र सोपें नाहीं. दुखणें लपविण्याची आमच्या मध्यमवर्गांतील चाल जुनी आहे. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, मुलाचें ठरत आलें आहे. मग आत्याच्या ऑपरेशनच्या वेळीं काय झालें होतें तें कशाला काढा, असा विचार घराघरांत होतो. शिवाय तेव्हां काय झालें होतें हें घरांतल्यांस नीट सांगितलेलेंहि नसतें. 'जरा उशीरा शुद्धीवर आली' एवढ्यावर तें मिटतें, आणि ती आठवण त्या पिढीबरोबर नाहींशी होते. ज्या समाजानें आपलीं १०२ गोत्रें शतकानुशतकें तोंडपाठ ठेवलीं, किंबहुना आमच्या सर्वच समाजांनीं सोयरीक जुळवितांना सात पिढ्यांचा शोध घेतला, त्यांस एवढी एक गोष्ट लिहून ठेवणें अशक्य नाहीं.

आमची वाचकांस विनंति एवढीच आहे. घरोघरीं जन्मपत्रिका, जमिनीचे कागद, मुलांचे दाखले एका बासनांत किंवा फायलींत जपून ठेवलेले असतात. त्यांत आणखी एक कागद असूं द्यावा. घरांत कोणाची कोणती शस्त्रक्रिया कोणत्या सालीं झाली, भुलीनंतर श्वास किंवा शुद्ध परत यावयास विलंब लागला काय, ताप चढला काय, अंग ताठरलें काय, वैद्यानें कोणतें औषध वर्ज्य सांगितलें, एवढ्या गोष्टी त्यावर मराठींत, स्वच्छ अक्षरांत लिहाव्या. लेक सासरीं जातांना तिच्याबरोबर त्याची एक नक्कल द्यावी. आणि भूलतज्ज्ञ विचारो वा न विचारो, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं तो कागद त्याच्या हातीं ठेवावा.